तो सुधरला, आणि तिचं काय?

परवा रविवारी अड्याळला आमच्या घरी पाहुणे आले होते. आमच्यासाठी नाही, शेजारच्या माधुरीला बघायला... (नाव बदललंय, तिला विचारूनच लिहितेय.) आमच्याकडे मुलाकडचे लोक आधी शेजाऱ्यांकडे चहाला टेकतात आणि पोरगी कशी आहे ते हळूच विचारून घेतात.

आता माझ्या दादाबद्दल. या माणसाने काही वर्षं एकाच वेळी तीन-तीन मुलींना 'फक्त तूच' म्हणून फिरवलं. एक भंडाऱ्याला, दुसरी कारध्याच्या पुलावर, तिसरी इथेच भिंतीपलीकडे... फोन कायम उलटा ठेवलेला.

दिवाळीपासून त्याने हे सगळं बंद केलंय. चांगलंच आहे. पण घरात कौतुक असं, जणू गड जिंकून आलाय. आई येईल त्याला सांगते, "माहा पोरगा सुधरला जी."

भिंतीपलीकडची ती माधुरीच. तिला बाकी दोघींचा पत्ताही नव्हता. कळलं त्याच दिवशी तिने याला ब्लॉक केलं आणि गुपचूप बीएडच्या अभ्यासाला लागली.

तर रविवारी मुलाच्या आईने विचारलं, पोरगी कशी आहे. आमची आई म्हणते, "तशी चांगली आहे जी... पण मधात एका पोरासंग फिरे म्हणतात."

एका पोरासंग म्हणे. तो पोरगा समोर सोफ्यावर बसून चिवडा खात होता...

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातात चहाचा ट्रे होता, तो तसाच धरून मी म्हटलं, "आई, पोराचं नाव काहून नाही सांगत? आपलाच दादा होता ना तो."

मग आई पुटपुटली, "तो सुधरला ना आता."

"तो बिघडला होता म्हणून सुधरला. तिचं काय बिघडलं होतं?"

मला वाटलं, दादा उठून बाहेर जाईल. पण त्याने प्लेट खाली ठेवली. "काकू, तिची काही चूक नव्हती. मीच तिघींसंग खोटं बोलून राहिलो होतो. तिले समजलं तशी तिनंच मले सोडलं."

काकूंनी त्याच्याकडे नीट बघितलं. "सोडलं ना? मंग पोरगी हुशार आहे," म्हणाल्या, आणि चहा अर्धा ठेवून माधुरीच्या घराकडे निघाल्या. दादाने तोंड उघडलं, त्याबद्दल त्याचे आभार... उशिरा का होईना.

पाहुणे गेल्यावर आई माझ्यावर भडकली. "आता आपल्या पोराले पोरगी कोण देईन?" म्हणाली आणि रडायलाच लागली.

मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण आई, हीच काळजी माधुरीची आई इतके दिवस करत होती... आणि ती तिला आपल्या घरातून मिळाली होती.