पंगतीच्या आधीची डबी

अख्ख्या बीड जिल्ह्यात माणसाचं पोट माझ्याइतकं कुणी ओळखत नाही. पुढारी, शेठ, मास्तर, सगळ्यांच्या पोटातलं माझ्या हातून गेलंय. आता हातून गेलंय म्हणजे, मी लॅबमधला शिपाई. डबी घेतो, चिठ्ठी चिकटवतो, आत नेऊन ठेवतो. झाकण उघडायचं काम मॅडमचं. माझी शाळा सातवीपर्यंत, अन् सातवी दोनदा.

पण लॅबच्या दारात बसलं की किस्से गोळा करत हिंडावं लागत नाही, लोकच पिशवीत घालून आणून देतात. दुसरीकडं माणूस भांग पाडून ऐटीत येतो. आमच्याकडं येतो तो चोरासारखा, कारण हातात डबी असते. अन् डबी हातात असलेला माणूस सहसा खोटं बोलत नाही. बोललो तो एकटा मी. त्यापायी यंदा गल्लीच्या पंगतीतली माझी खिरीची कढई जाता जाता राहिली. पण ते शेवटी. आधी सांगितलं तर बाकीचं कोण ऐकतंय?

*

आमच्या मॅडम लातूरच्या. वय माझ्या लेकीएवढं, दरारा सासूचा. शिरूर कासारकडच्या एका गड्याला त्यांनी नीट समजावून सांगितलं, "दादा, हरभऱ्याच्या दाण्याएवढं आणलं तरी पुरे."

दुसऱ्या दिवशी गडी हजर. हातात श्रीखंडाचा किलोचा डबा, काठोकाठ, वरून सुतळीनं बांधलेला.

मॅडम म्हणाल्या, "अहो, एवढं कशाला?"

"मॅडम, तुमाला त्यातलं कोन्तं लागतंय ते मला काय ठावं? निवडून घ्या अन् बाकीचं ऱ्हाऊ द्या."

*

एका पुढाऱ्याला आठ दिवस जुलाब. गोळ्या खाऊन थांबेनात, म्हणून डॉक्टरनं आमच्याकडं तपासायला सांगितलं. सकाळी पांढऱ्या कडक कपड्यांतला एक कार्यकर्ता डबी घेऊन आला. त्याचा चेहरा इतका टवटवीत होता की मला शंका आली.

"साहेबांचंच हाय ना?"

"साहेब दौऱ्यावर गेलेत. म्या दिलंय."

"अरं, तुझं घेऊन काय करायचं?"

"कावून? मागल्या म्हैन्यात त्यांच्या जागी म्या उपोषणाला बसलतो, ते चाललं की."

*

मॅडमचं काम तुम्हाला थोडक्यात सांगतो. डबीतलं किंचित घ्यायचं, काचेच्या ताटलीत पसरायचं, उबदार पेटीत ठेवायचं. दुसऱ्या दिवशी जंतू उगवून येतात. त्यातला जो गडबड करणारा, तो उचलून दुसऱ्या ताटलीत पेरायचा अन् वरून वेगवेगळ्या औषधांच्या कागदी टिकल्या ठेवायच्या. जे औषध चालतं, त्याच्या टिकलीभोवती जंतू मरून स्वच्छ रिंगण पडतं. जे चालत नाही, त्याच्या टिकलीला जंतू खेटून बसतात, लग्नाला आलेल्या पाहुण्यासारखे. हलायचं नाव नाही.

हे सगळं मॅडम एका कापूसवाल्या शेतकऱ्याला पाव तास समजावत होत्या. त्यानं तीन डॉक्टरांच्या गोळ्या अर्ध्या अर्ध्या खाऊन सोडल्या होत्या. त्याच्या ताटलीत निम्म्या टिकल्यांना रिंगणच नव्हतं. मॅडम इंग्रजीत शिरल्या, बाहेर आल्या, पुन्हा शिरल्या. शेतकरी मान हलवत होता.

शेवटी म्हणाला, "मंजी कापसावरच्या अळीवानी. फवारा हलका मारला की जी वाचती, ती पुढल्या साली औषध पिऊन ढेकर देती."

मॅडम थांबल्या. म्हणाल्या, "हो. अगदी तसंच."

"मग आधीच अळी म्हणायचं ना, बाई. मला वाटलं, मला कायतरी झालंय."

*

लॅबच्या खाली अप्पाचं मेडिकल. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, श्रावणात दर सोमवारी कपिलधारची वारी, आवाज ढोलासारखा. तीस वर्षांची आमची दोस्ती. म्हणजे तीस वर्षांत आम्ही एकमेकांना एकही चांगला शब्द बोललेलो नाही.

अप्पाची खोड एकच. कुणी पोट धरून आला की दोन गोळ्या हातावर. "दोन खा. बरं वाटलं तर बास." गोळी खाऊन तोच माणूस जिना चढून आमच्याकडं डबी घेऊन येतो, अन् मॅडमच्या ताटलीत धड काही उगवतच नाही.

एक दिवस मॅडम स्वतः खाली गेल्या. "अप्पा, तपासणीच्या आधी अँटिबायोटिक देत जाऊ नका. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय तर नाहीच नाही. आमची ताटली कोरी येते."

अप्पानं हात जोडले. "कोरी आली मंजी माझी गोळी लागू पडली की. तुमी ताटलीत मारता, म्या पोटात मारतो."

मॅडम पाय आपटत वर आल्या. मी तोंडात उपरणं कोंबून बसलो होतो.

*

अप्पाची जिरवायची म्हणून मी एकदा बेत केला. मॅडमच्या ताटल्यांतली एक जात गुलाबी असते, हुबेहूब जेली. मी लॅबमधली एक रिकामी ताटली घरी नेली अन् सुनेकडून तीत खरोखरची जेली लावून आणली. अप्पा चहाला वर आला. त्याच्यादेखत मी कपाटातून ताटली काढली, चमचा घेतला अन् खायला लागलो.

"बस अप्पा. कालच्या पेशंटचं जरा आंबट निघालतं. हे ब्येस हाय."

अप्पा चप्पल सोडून जिना उतरला. खालच्या गिऱ्हाइकांना ओलांडून थेट मोरीत.

मी हसून हसून भिंतीला टेकलो. तेवढ्यात मॅडम आतून आल्या, ताटलीकडं बघितलं अन् शांतपणे विचारलं, "मामा, ही ताटली नवीन खोक्यातली आहे, की धुवायच्या ढिगातली?"

मला आठवेना. त्या दिवशी अन् दुसऱ्या दिवशी मी जेवलो नाही.

*

आता कढईचं.

माघातल्या चतुर्थीला आमच्या गल्लीतली माणसं लिंबागणेशला पायी जातात. दुसऱ्या दिवशी गल्लीत पंगत. वरण-बट्टी, गव्हाची खीर, कोशिंबीर. खिरीची कढई माझी. बायको गेली तेव्हापासून वर्षातला तो एकच दिवस, की चार माणसं मला विचारतात, "मामा, झालं का? घालू का गूळ?" अन् कोशिंबीर अप्पाची. परातीत कोपरापर्यंत हात घालून कालवतो.

यंदा पंगतीच्या आधी गल्लीत तिघं टायफॉईडनं पडले. मॅडम आमच्याच गल्लीत राहतात. त्या म्हणाल्या, "स्वयंपाक करणाऱ्या सगळ्यांनी डबी द्यायची. ज्याच्यात जंतू निघेल त्यानं यंदा अन्नाला हात लावायचा नाही."

माझी कढई गेली म्हणून समजा. कारण उन्हाळ्यात मला तोच ताप आलता. डॉक्टरनं पुरा कोर्स दिला होता. मी तीन दिवस खाल्ला, बरं वाटलं, उरलेल्या गोळ्या देवळीत ठेवल्या. अन् दारात बसून रोज लोकांना सांगत होतो, "कोर्स पुरा करा बे."

अप्पाला मात्र उभ्या जन्मात ताप नाही. बैलासारखा माणूस. डब्या माझ्याच हातात, चिठ्ठ्या माझ्याच हातात. मी अप्पाच्या डबीवर माझं नाव चिकटवलं अन् माझ्या डबीवर अप्पाचं.

चौथ्या दिवशी मॅडमनं मला आत बोलावलं. ताटली दाखवली. टिकल्याच टिकल्या, रिंगणं फक्त दोन.

"मामा, हा टायफॉईडचा जंतू. नेहमीच्या औषधांना दाद देत नाही. तुम्ही वरून धडधाकट दिसता, पण दुसऱ्याला देऊ शकता. यंदा कढई नाही."

"अन् अप्पाचं?"

"स्वच्छ."

मी दारात येऊन बसलो. जंतू निघाला तो अप्पाच्या डबीतला. गप्प बसलो तर कढई गेली. ती गेली असती तरी एक वेळ चाललं असतं. पण अप्पा परातीत हात घालणार, अख्खी गल्ली वाटी पुढं करणार, अन् खरं काय ते ठाऊक असलेला माणूस जगात मी एकटा. पाणी प्यायलो. उठलो. आत जाऊन सगळं सांगितलं.

मॅडमनं दोन नव्या डब्या काढून टेबलावर ठेवल्या. "नोकरीचं नंतर बघू. आधी दोघांच्या नव्या डब्या. चिठ्ठ्या मी लावणार."

पुन्हा तेच निघालं. माझं स्वच्छ, नशिबानं. अप्पाचं तसंच, दोन रिंगणं. जन्मभर दुकानातल्या गोळ्या शेंगदाण्यासारख्या तोंडात टाकायची सवय, दुसरं काय. मॅडमनं त्याला डॉक्टरकडं धाडलं, लागू पडणारी गोळी सुरू झाली, एकही दिवस न चुकवता. अन् पुन्हा तपासून साफ निघेपर्यंत कोशिंबीर बंद.

पंगतीच्या दिवशी अप्पा मांडवाच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता, हात मांडीवर. कढई उतरल्यावर मी पहिली वाटी त्याच्याकडंच नेली.

"खा अप्पा. तपासलेल्या हातची हाय."

त्यानं एक घास घेतला, मिशी पुसली.

"मामा, खरं सांग. चिठ्ठी बदललीस ती कावून?"

"भ्यालतो."

"मंजी तुला वाटलं, अप्पाचं निर्मळ असंल."

"व्हय."

"तीस वर्सं माझं मेडिकल वाईट, माझी कोशिंबीर खारट, माझं भजन बेसूर. अन् जल्मात एकदा माझ्यावर इस्वास ठेवलास बे, तो कशावर, तर माझ्या हागण्यावर."