आई झोपलीय

आईच्या छातीवरची जखम उघडी पडून तिला वास सुटला, तेव्हा मी पहिल्यांदा काय केलं असेल, तर खिडक्या लावून घेतल्या. शेजाऱ्यांना कळू नये म्हणून.

खोटं कशाला बोलू, वासाची मला दहशत आहे. निपाणीच्या शाळेत आमच्या वस्तीतली पोरगी शेजारी बसली की काही मुली नाकाला रुमाल लावायच्या. आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती. मी शिकले, बेळगावात हायस्कूलला लागले, फ्लॅट घेतला आणि दिवसातून दोनदा फरशी पुसणारी बाई झाले. माझ्या घरात कुणी नाक मुरडलेलं मला खपत नाही. आणि आता माझ्याच आईच्या खोलीत शिरताना मी श्वास धरत होते.

कॅन्सरवर आता इलाज नाही, फक्त त्रास कमी ठेवायचा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मॉर्फिनच्या गोळ्यांनी दुखणं बऱ्यापैकी आटोक्यात होतं. आईला जगायचा फारसा मोह उरला नव्हता. तिला एकच हवं होतं, जायच्या आधी मावशीनं भेटून जावं. मावशी सख्खी नव्हे. पण दोघींनी तीस वर्षं वखारीत एका रांगेत बसून तंबाखू निवडलेला, एका डब्यात जेवलेल्या.

मावशी आलीही. निपाणीहून बसनं, हातात आंबिलीचा डबा घेऊन. मी दार अर्धंच उघडलं.

"आई झोपलीय, मावशी. उठवू नका म्हणून सांगितलंय डॉक्टरांनी."

"मग बसतो की वाईच. उठंल की."

"नको गं. संध्याकाळपर्यंत नाही उठायची ती."

डबा माझ्या हातात देऊन ती गेली. आत आई टक्क जागी होती.

"कोण आलतं गं?"

"सिलिंडरवाला."

त्यानंतर मावशी आणखी तीनदा आली. तिन्ही वेळा मी तिला दारातूनच वाटेला लावलं, आणि आईला एकदा वॉचमन, एकदा कुरिअर, एकदा पुन्हा सिलिंडर सांगितला. मावशीनं चुकून पदर नाकाला लावला आणि आईनं तो पाहिला, तर ती दुखण्याआधी त्यानंच मरेल, अशी मी माझी समजूत घालत होते. अब्रू आईची जपत होते की माझी, हे मला तेव्हाही कळत होतं.

आई आधी दाराकडं तोंड करून पडायची. मग भिंतीकडं करून पडू लागली. जेवण दोन घासांवर आलं. मला वाटलं, आजार पुढं सरकला.

दवाखान्यातून फोन यायचा. दुखतंय का, विचारायचे. मी नाही म्हणायचे. वासाचं मी काढलंच नाही. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, असा माझा कारभार. शेवटी दोन महिन्यांनी एक सिस्टर स्वतःच घरी आल्या. मूळच्या कन्नड, मराठी मोडकंतोडकं. त्यांनी आधी खिडकी उघडली, मग जखम बघितली, मग माझ्याकडं बघितलं.

"इतके दिवस का सांगितला नाही तुम्ही? ह्याला औषध आहे."

औषध कसलं, जुलाबावर घेतात त्या जातीच्या गोळ्या. बारीक पूड करून जखमेवर भुरभुरायची, वर स्वच्छ पट्टी, रोज. पाच-सहा दिवसांत वास गेला. अगदी जवळ बसलं तर कळावा, एवढाच उरला. मला आनंद व्हायला हवा होता. मला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं.

मी मावशीला फोन करून बोलावलं. ती दुसऱ्याच दिवशी आली, थेट आत गेली.

"झाली व्हय सवड?" आई भिंतीकडूनच म्हणाली.

"काय बोलतीस गं? चारदा आलतो. दर बारीला तू झोपलेली."

आई सावकाश वळली. मावशीकडं नाही, माझ्याकडं बघत राहिली.

"वास येत होता, आई," मी म्हणाले. "तुला लाज वाटेल, म्हणून मी..."

"मला काय नाक न्हाय व्हय?" आई म्हणाली. "माझा वास मला येतच हुता. मी म्हटलं, त्यो निपाणीपतोर गेला असंल. म्हणून कोण येत न्हाय."

मावशीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि दोघी रडल्या. मी पायथ्याशी उभी होते. मला कुणी जा म्हटलं नाही, ये म्हटलं नाही.

मावशी राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पट्टीचं सामान घेऊन आत गेले, तेव्हा आईनं माझ्या हातावर हात ठेवला.

"ऱ्हाऊ दे. तिला करू दे. तुला लई तरास हुतोय. श्वास धरून येतीस, मला दिसतंय की गं."

रागानं म्हणाली असती तर मी भांडले असते. ती मायेनं म्हणाली. त्यानंतर आई अकरा दिवस जगली, आणि अकराही दिवस पट्टी मावशीनं केली.