बारा बाटल्यांसाठी लावलेला फोन

मी अंबाजोगाईच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि केज तालुक्यातल्या गावांत पिण्याच्या पाण्यात दात-हाडं बिघडवणारं फ्लोराइड किती आहे ते मोजते. तीन वर्षं एसटीनं, जीपनं आणि उरलेलं पायी हिंडून बाटल्या भरल्या. या कामात पुण्याचा एक गट आणि परदेशातली एक प्रयोगशाळा आमच्या जोडीला होती. जोडीला म्हणजे काय, तर उन्हात आम्ही, एसीत ते.

शेवटच्या बैठकीत एक गोष्ट ठरायची होती. माझ्याच गावच्या बारा बाटल्यांत फ्लोराइड लई जास्त निघालं होतं आणि त्याच गावच्या बाकीच्या बाटल्या चांगल्या होत्या. पुण्याचे सर म्हणाले, "नमुन्यांची अदलाबदल झालीय, ते बारा काढून टाकू." मी मेल केला, की हे पाणी वेगळं, बोअरचं आहे. उत्तर आलं, लेबलावर तसं दिसत नाही. आता बैठकीत बोलून पटवणं एवढंच हातात होतं.

तर तिथंही खोडा. परदेशातल्या लोकांची व्हिडिओची यंत्रणा महागडी, भिंतीवर बसवलेली, पुण्यातही तीच. आमच्याकडं लॅपटॉप आणि फुकटचं ॲप. ते आमच्यात येईनात आणि आम्हाला त्यांच्यात घेईनात, सुरक्षेचा नियम म्हणे. सर गोड आवाजात म्हणाले, "मॅडम, तुम्ही कशाला त्रास घेता? तुमचं आम्ही मांडतो ना." माझं टाळकंच सरकलं. ज्या माणसाला माझ्या बाटल्या फेकायच्या होत्या, तोच माझी बाजू मांडणार. म्हटलं, "न्हाई सर, मी येणार. कशी येते ते माझं मी बघते."

आमंत्रणाचा मेल मी खालपर्यंत वाचला. तळाशी बारीक अक्षरांत एक नंबर होता. साध्या फोनवरूनही बैठकीत येता येईल, असं लिहिलेलं. तिथवर कुणी वाचतच नाही. आदल्या दिवशी चाचणीला फोन लावून स्पीकरवर ठेवला, तर माझाच आवाज घुमून परत यायला लागला. "काही कळत नाहीये, राहू द्या आता," सर म्हणाले. राहू द्यायला ते काय माझ्या हौसेचं होतं?

आमच्या गल्लीच्या तोंडाशी लग्नाला स्पीकर लावून देणारे एक चाचा आहेत. त्यांच्याकडं फोन घेऊन गेले. त्यांनी एकदा ऐकलं आणि म्हणाले, "स्पीकर बंद करा पहिलं. तुमचाच आवाज फिरून माइकात घुसतोय. मी माइक सरळ फोनाला जोडून देतो, तुमी कानाला हेडफोन लावा." वायर जोडता जोडता विचारलं, "कावून एवढी धडपड, ताई?" मी सांगितलं, माझ्या घरचं पाणी कागदावरून पुसायला निघालेत. दुसऱ्या दिवशी बैठकीच्या वेळी ते स्वतः येऊन माझ्या शेजारी बसले.

बैठकीत मी कुणाला दिसत नव्हते आणि मला कुणी दिसत नव्हतं. बारा बाटल्यांचा विषय निघाला. परदेशातल्या मुख्य बाईंनी सरळ विचारलं, "पाणी दोन ठिकाणचं होतं, तर लेबलावर एकच गाव कसं?"

चूक माझीच होती. लहानपणापासून कुणी गाव विचारलं की आम्ही मोठ्या गावाचं नाव सांगायचो, वस्तीचं कधीच नाही. वस्तीचं नाव घेतलं की समोरच्याला पुढचं सगळं कळतं आणि त्याचा चेहरा बदलतो. बाटल्यांवर लिहितानाही माझा हात तसाच वळला होता. पीएचडी झाली, पण ती सवय गेली नव्हती. मला माझाच संताप आला.

मग सांगूनच टाकलं. "गाव जुन्या विहिरीचं पाणी पितं. त्या विहिरीवर आमच्या लोकांना भरू देत नव्हते, म्हणून आमच्या बौद्ध वस्तीनं खोल बोअर पाडला. आज कुणी अडवत नाही, पण विहिरीची पाइपलाइन वस्तीच्या अलीकडंच थांबलीय. बारा बाटल्या त्या बोअरच्या आहेत. लेबल मी लाजेपायी अर्धं लिहिलं, पाणी मात्र खरं आहे. वाटलं तर उद्या तुमच्या माणसासमोर परत भरते."

त्या बाई म्हणाल्या, की वेगळं ठिकाण म्हणून बाराही बाटल्या अभ्यासात राहतील.

तेवढ्यात सर मराठीत पुटपुटले, "मॅडम, संशोधनात हे कशाला आणायचं?"

"ते पाण्यातच हाय, सर," मी म्हणाले. "आज सकाळी माझी आई तेच प्याली."