चिमटीतला ओठ

सगळी गल्ली त्यांना टेस्टरकाका म्हणायची. लोक शर्टाच्या खिशाला पेन लावतात तसा त्यांनी टेस्टर लावलेला असायचा, आणि कुणाच्या लग्नाला गेले तरी तो उतरायचा नाही. चाळीस वर्षं त्यांनी वायरमनचं काम केलं. दोन शाळा, बर्फाचा एक कारखाना, सरकारी दवाखान्याची जुनी इमारत, आणि घरं तर किती त्याला मोजदाद नाही. सव्विसाव्या वर्षी विजेने त्यांच्या उजव्या मधल्या बोटाचं टोक नेलं होतं. ‘‘तिने सही घेतली, तेव्हापासून आमचं जमतंय,’’ असं ते सांगायचे. गिऱ्हाइकाकडे टेप गुंडाळलेला जोड दिसला की मात्र ते फार चिडत. टेपने जोड झाकला जातो, बरा होत नाही, हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं.

आणि त्यांच्या स्वतःच्या घरात, पलंगामागे, टेबलफॅनच्या वायरला तसाच एक जोड होता. वायर दोन हात कमी पडत होती म्हणून सहा वर्षांपूर्वी त्यांनीच पिळून, टेप लावून वाढवली होती. उद्या नवी टाकू म्हणाले होते. तो उद्या काही उजाडला नाही. टेपचा गोंद वाळला, कड सुटली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा असा.

जावई दूरच्या बंदरात क्रेनवर गेला, दोन वर्षांच्या करारावर, तेव्हा लेक मुलीला घेऊन त्यांच्याकडे राहायला आली. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. लेक औषधं पॅक करणाऱ्या कारखान्यात होती, सकाळी सात ते दुपारी तीन. दोन वर्षांच्या आतलं मूल घेणारं पाळणाघर आसपास नव्हतं. त्यामुळे नात आजोबांकडे. चौदा महिन्यांची, अजून धड चालत नव्हती, पण रांगत अशी फिरायची की तिचं नावच भिंगरी पडलं होतं.

त्या दिवशी अकराच्या सुमाराला काका भाजी निवडत बसले होते. भिंगरी पलंगामागे गेलेली त्यांना दिसली होती. तिथे काय आहे हे त्यांच्यापेक्षा जास्त कुणाला माहीत असणार? पण सवयीच्या वस्तू डोळ्यांना दिसेनाशा होतात. चट्, असा बारीक आवाज आला, तापल्या इस्त्रीवर ओलं बोट लावल्यासारखा. ते उठले तेव्हा ती ताठ बसली होती, वायर दातात आणि डोळे उघडे.

त्यांनी तिला हात लावला नाही. उलट्या दिशेने तीन पावलं गेले, बटण बंद केलं, आणि मग तिला ओढलं. जे करायला हवं तेच त्यांनी केलं. डॉक्टरांनीही नंतर तसंच सांगितलं. तरी ती तीन पावलं त्यांच्या मनातून गेली नाहीत. मूल तिकडे आणि आपण पाठ फिरवून बटणाकडे, एवढंच त्यांना दिसत राहायचं.

ती रडली नाही, मग एकदम रडली. तोंडाच्या डाव्या कोपऱ्यात वाटाण्याएवढा राखाडी डाग होता, मध्ये खोलगट, कडेने काळपट. रक्त नाही. एवढ्यावरच निभावलं असं त्यांना वाटलं, आणि तिला उचलून ते दवाखान्यात पळाले. लेकीला कारखान्यात निरोप गेला.

दवाखान्यात हृदयाचा आलेख काढला, लघवी तपासली, एक दिवस ठेवून घेतलं. सगळं ठीक निघालं. भाजलेल्या मुलांना बघणाऱ्या डॉक्टरीणबाई उंच होत्या, हळू बोलायच्या. त्यांनी बापलेकीला समोर बसवलं.

‘‘विजेचं भाजणं वर दिसतं तेवढंच नसतं, आत पसरलेलं असतं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आता इथे खपली धरेल. पाचव्या दिवसापासून दोन आठवड्यांपर्यंत कधीही ती सुटायला लागेल. ओठातून एक रक्तवाहिनी जाते. खपलीबरोबर ती उघडली तर धार लागते. तेव्हा अंगठा आतून, बोट बाहेरून, ओठ असा चिमटीत धरायचा आणि तसंच इकडे यायचं. थांबलं का ते बघायलासुद्धा सोडायचा नाही.’’

लेकीने विचारलं, कधी होईल ते आधी कळतं का. नाही, असं उत्तर आलं. काही मुलांना होतच नाही. घर वीस मिनिटांवर होतं म्हणून घरी न्यायला हरकत नव्हती, फक्त डोळ्यांत तेल घालून बसायचं. बाटली बंद, चमच्याने पातळ द्यायचं. तोंडाला हात जाऊ नये म्हणून भिंगरीच्या दोन्ही कोपरांना पुठ्ठ्याच्या पट्ट्या बांधल्या होत्या. हात पसरून ती बाहुलीसारखी बसायची आणि आपले हात वळत का नाहीत म्हणून दोघांच्या तोंडाकडे बघायची.

घरी आल्यावर लेकीने पहिल्यांदा ती वायर गुंडाळून कचऱ्यात टाकली. एक शब्द बोलली नाही. काका वाट बघत होते. आता बोलेल, पोरगी झोपल्यावर बोलेल, जेवताना बोलेल. ती वरण वाढायची, ‘बाबा, मीठ बरोबर आहे ना’ असं विचारायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तसं त्यांना व्हायचं. शिव्या दिल्या असत्या तर निदान मान खाली घालायला जागा मिळाली असती.

पाच दिवसांची रजा संपली. मुकादमाने फोन करून सांगितलं, उद्या आली नाहीस तर जागेवर दुसरी घेतो. सहाव्या दिवशी सकाळी लेकीने कपाटावर कागद चिकटवला, डॉक्टरांचा नंबर, दवाखान्याचा नंबर, चिमटीचं चित्र. भिंगरीच्या डोक्यावरून हात फिरवला. दारात थांबून बापाकडे पाहिलं. ‘‘येते,’’ म्हणाली आणि गेली.

तेव्हापासून काका त्या दोन खोल्यांत अडकले. जायचं म्हटलं तरी कुठे जाणार? भिंगरीवरून नजर काढायची सोय नव्हती. संडासला जाताना तिला कडेवर घेऊन जायचे आणि दार उघडं ठेवायचे. अंघोळ लेक आल्यावर. खाली इस्त्रीवाल्याकडे घटकाभर गप्पा मारायची त्यांची वीस वर्षांची सवय सुटली. तो खालूनच हाक मारून विचारायचा, हे वरूनच ‘ठीक’ म्हणायचे. खिडकीजवळ फार वेळ उभं राहायलाही त्यांना भीती वाटायची.

आरशासमोर उभं राहून त्यांनी स्वतःच्या ओठावर चिमटीचा सराव केला. तिथे नवीनच अडचण कळली. चाळीस वर्षं तांबं पिळून अंगठ्याची नि बोटाची कातडी इतकी राठ झाली होती की आपण किती दाबतोय हे बोटांना कळतच नव्हतं. ओठाला कळायचं, बोटाला नाही. लेकराच्या ओठावर हे कसं कळणार? त्यांनी दोन दिवस बोटं गरम पाण्यात भिजवून तेल चोळलं, दाढीच्या पात्याने कातडी तासली. थोडं कळायला लागलं.

खपली रोज काळी पडत होती. सातव्या दिवशी तिची एक कड उचलली. भिंगरी हसली की काका आधी त्या कडेकडे बघायचे, रडली की बघायचे. तिला हसवायचंही नाही आणि रडवायचंही नाही, तर दिवसभर करायचं काय? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. ते हलक्या आवाजात तिला वायरिंग शिकवायचे. लाल कुठली, काळी कुठली, हिरवी जमिनीत का जाते. ती गंभीर चेहऱ्याने ऐकायची.

नवव्या दिवशी दुपारी एकच्या सुमाराला ते तिला पेज भरवत होते. तिने तोंड उघडलं, चमचा आत गेला, आणि पेज लाल झाली. क्षणभर त्यांना कळलंच नाही की हे काय. मग हनुवटीवरून, पुठ्ठ्यावरून, त्यांच्या मांडीवर धार आली. धडधडत्या नळासारखी, थांबत थांबत जोरात.

त्यांनी अंगठा आत घातला, बोट बाहेरून लावलं आणि दाबलं. रक्त बोटांच्या कडेने येत राहिलं. अजून दाबलं, जरा आत सरकवलं, तेव्हा थांबलं. भिंगरीने त्यांच्या अंगठ्याला कडकडून चावा घेतला. चार वरचे, चार खालचे, आठही दात. त्यांना बरं वाटलं. अंगठा कुठे आहे हे आता नक्की कळत होतं.

डावा हात तिच्या कमरेभोवती, उजवा तिच्या तोंडात, असे ते दारापर्यंत आले आणि थबकले. दाराची कडी वर होती. भिंगरी उभी राहायला लागली तेव्हा त्यांनीच ती मुद्दाम वर बसवली होती, आपल्या डोक्याच्याही वर. फोन आतल्या फळीवर. हाक मारली तर खाली इस्त्रीवाल्याच्या रेडिओपलीकडे जाणार नाही. स्वतःच्या घरात, स्वतःच्या कडीसमोर ते उभे होते आणि दोन्ही हात अडकलेले; तिला खाली ठेवून वाकलं तर डावा कडीपर्यंत पोचणार नव्हता. उजवा क्षणभर सोडला तर? क्षणभरच. डॉक्टरीणबाईंचं वाक्य आठवलं आणि हात तसाच राहिला.

त्यांनी पायाने स्टूल ओढलं. ते अर्ध्या वाटेत आडवं झालं. पायानेच सरळ करताना घामाने निथळले. शेवटी ते दाराशी आलं. भिंगरीला त्यावर उभं केलं, आपल्या छातीने दाराशी धरून ठेवलं, डावा हात मोकळा केला आणि कडी काढली.

तीन मजले ते कसे उतरले ते त्यांना नंतर सांगता आलं नाही. इस्त्रीवाल्याने त्यांना पाहिलं, इस्त्री उभी ठेवली, आणि काही न विचारता रिक्षा थांबवून स्वतःही आत बसला. वाटेत तो सारखं म्हणत होता, काका, जरा सोडून बघा, थांबलं असेल. काकांनी मान हलवली. बोटांना आता मुंग्या आल्या होत्या, मग तेही कळेना. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी स्वतःचं बोट त्यांच्या बोटाशेजारी लावलं. ‘‘आता सोडा,’’ त्या म्हणाल्या. त्यांना सोडता येईना. नर्सने एकेक बोट उलगडलं.

टाके घातले, रक्तवाहिनी बांधली. लेक कारखान्याच्या टोपीसकट आली. बापाच्या शर्टाकडे बघून तिने भिंतीला हात लावला, मग मूल बघायला आत गेली. परत येऊन त्यांच्याशेजारी बसली. ‘‘चहा घेतलात का?’’ एवढंच.

इथे गोष्ट संपली असती तर काका तरून गेले असते. पण जखम भरताना आकसते, आणि तोंडाचा कोपरा आकसला तर तोंड लहान होतं, इतकं की चमचा जाईना. म्हणून दातांच्या डॉक्टरांनी भिंगरीच्या तोंडाचा साचा घेऊन एक पट्टी बनवली. दोन्ही कोपरे ताणून धरणारी, वरच्या दातांवर बसणारी. दिवसरात्र घालायची, जेवताना काढायची, वर्षभर तरी. दिवसातून चार वेळा काढणं नि घालणं, त्यातल्या तीन वेळा आजोबांकडे.

डोकं गुडघ्यांत धरायचं, गाल दाबायचे, पट्टी बसवायची. ती लाथा मारायची, मग हुंदके देत झोपायची. पंधरा दिवसांत तिला पट्टीच्या डबीचा आवाज ओळखू यायला लागला. इस्त्रीवाल्याकडे ती हसत झेपावायची. आजोबा जवळ आले की, पुठ्ठ्यातून सुटलेल्या दोन्ही हातांनी तोंड झाकायची. त्यांनी डबी बदलली, मऊ कापडात पट्टी ठेवली, तरी ती झाकायचीच. घरात तिला दिवसभर सांभाळणारं माणूस एकच, आणि तिला भीती त्याच माणसाची. जाणार कुठे तीही? तिचे पहिले शब्द पट्टीमागून आले, अर्धे गिळलेले. त्यात ‘नको’ सगळ्यात स्पष्ट होता.

तेरा महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी बोटांनी तोंडाची रुंदी मोजली आणि पट्टी बंद केली. डावा कोपरा जरा जाड राहिला होता, हसताना ओढल्यासारखा दिसायचा. शाळेत जायच्या वयात बघू, लागली तर छोटी शस्त्रक्रिया करू, असं ठरलं. लेक डॉक्टरांशी हात मिळवून बाहेर आली. तिघं बाकावर बसली. भिंगरी जिभेने सारखा कोपरा चाचपत होती.

काकांनी वर्षभर गिळलेलं वाक्य तेव्हा बाहेर काढलं.

‘‘तू मला एकदाही बोलली नाहीस.’’

लेकीने डॉक्टरांचा कागद घडी करून पिशवीत घातला.

‘‘बोलले असते तर तुम्ही राहिला असतात का?’’ ती म्हणाली. ‘‘रुसून निघून गेला असतात, किंवा मलाच तुमचं तोंड बघवलं नसतं. आणि मग हिला कुणाकडे ठेवलं असतं, बाबा? मला सातला कामावर जायचं होतं.’’

 वर्षभर काकांनी तिच्या त्या गप्प राहण्याचा हजार वेळा अर्थ लावला होता. कधी ती माफी वाटायची, कधी शिक्षा. यातलं काहीच नव्हतं. तीही त्यांच्याइतकीच कोंडलेली होती, फक्त तिची खोली त्यांना दिसली नव्हती.

‘‘मग आता बोल,’’ ते म्हणाले.

‘‘आता काय बोलायचं,’’ ती म्हणाली आणि भिंगरीची चप्पल शोधायला वाकली.

पण चार दिवसांनी दूध उतू गेलं. शेगडीवरून ओघळलं, जमिनीवर आलं, आणि लेक भडकली. आधी दुधावरून. मग तुम्ही कुठलीच गोष्ट वेळेवर करत नाही यावरून. मग सहा वर्षांवरून, त्या वायरवरून, ‘उद्या’वरून. तासभर ती बोलली, रडली, भांडी आपटली. काका आधी ऐकत होते. मग दुधाची चूक नीट कबूल करून, टेबलफॅन तूच मागितला होतास असं म्हणून त्यांनीही आवाज चढवला. दोघं एकमेकांसमोर उभे राहून कडाक्याने भांडले, जसे ती कॉलेजात असताना भांडायचे. आवाज ऐकून इस्त्रीवाला जिना चढून दारापर्यंत आला आणि आतला रंग बघून पाय न वाजवता परत उतरला.

भिंगरी मधे बसली होती. एकदा आईकडे, एकदा आजोबांकडे बघत होती. मग तिने सांडलेल्या दुधात हात घातला आणि आजोबांच्या पायावर थाप मारली.