यंदा फक्त २६५

लोणी भापकरला ताई-दाजींच्या रानात उसाची रोपवाटिका मी उभी केली, शेडनेटपासून वेबसाइटपर्यंत. धंदा चालायला लागला तसं त्यांनी मला बाजूला केलं. वेबसाइट त्यांच्याकडंच राहिली, तिच्यावर रोपांचा ट्रे धरलेला माझा फोटोसुद्धा. ते डोक्यात गेलं ते गेलंच.

भवानीनगरजवळ मी नव्यानं सुरुवात केली. नेटवर रोपं शोधली की सगळ्यात वर दाजी आणि मी कुठंतरी तळाला. मग मी त्यांच्या रोपवाटिकेच्या नावाचा अलर्ट लावला. त्यांचं काही नवं नेटवर आलं की मला मेल यायचा. सकाळी चहाआधी मी तो वाचायचो. ते 'उत्कृष्ट दर्जाची रोपे' असलं काहीतरी लिहायचे. आमचे शेतकरी उसाच्या जातीचा नंबर सांगून मोबाईलला विचारतात, "८६०३२ ची रोपं भवानीनगरात कुठं मिळत्यात?" मी गावागावासाठी तशा बोलीतली पानं केली आणि हळूहळू दाजींच्या वर सरकलो. फार बरं वाटलं.

पण मी टाकलेलं दोन-चार दिवसांत त्यांच्याकडं जसंच्या तसं दिसायला लागलं. म्हणजे माझ्या नावाचा अलर्ट त्यांनीही लावला होता. पूर्वी दाजी कारखान्याच्या शेतकी ऑफिसात बसून यंदा कुठल्या जातीची लागण होणार, ते काढून आणायचे. आता मोबाईलवर भागवत होते. मी मुद्दाम लिहिलं, 'यंदा आमच्याकडं फक्त २६५.' आणि माझे सगळे ट्रे मात्र शेतकरी मागत होते त्या ८६०३२ नं भरले. फोन करणाऱ्या शेतकऱ्यांना खरं काय ते सांगत होतोच.

आठवडाभरात मेल आला. दाजींच्या शेडमध्ये सगळीकडं २६५, फोटोसकट. तो फोटो मी मोठा करकरून पाहिला.

लागणीच्या वेळी २६५ ला कुणी विचारेना. ट्रेमध्येच मुळ्या गुंतून त्यांची रोपं पिवळी पडली. एका दुपारी दाजींचा पिकअप माझ्या दारात उभा राहिला.

"८६०३२ हाय का? गिऱ्हाईक थांबलंय माझं."

"हाय की. वेबसाइटवर नाव टाका, दाजी. नंबर लागला की कळवतो."

दाजी मान खाली घालून परत फिरले. त्यांच्याकडं बघत मी पिकअपपर्यंत गेलो, तर पुढच्या सीटवर माझी बहीण बसलेली. दाजींच्या शेडमधली रोपं रोज तीच भिजवायची, हे मला तेव्हा आठवलं.

"ताई, चहा तरी घेऊन जा."

"नंबर लागला की येते," ती म्हणाली आणि काच वर केली.