झोपणारा दिवा

तुमची पोरगी तांत्रिक शाळेतून इलेक्ट्रॉनिक्स शिकून आली आणि मासळी वाळत घालतात त्या किनाऱ्यावर टपरी टाकून बसली, तर तुम्ही ते चारचौघांत ताठ मानेनं सांगाल? की विषय बदलाल?

न्यांगेटाचा काका मफुरू विषय बदलायचा. सरोवरातल्या उकेरेवे बेटावर त्याच्या शब्दाला वजन. भाऊ गेल्यावर पुतणीला त्यानंच शिकवलं, म्हणून बोलायचा हक्कही त्याचाच.

"तुझ्या वर्गातला एक मोबाइलच्या टॉवरवर चढतो. एक पोरगी इस्पितळातली यंत्रं सांभाळते. तो बुटका मासळीच्या कारखान्यातले संगणक बघतो. आणि तू इथं डाग देत बसतेस. तारांना देतेस की घराण्याला?"

"काका, टॉवरवर चढायला माणसं मिळतील. आपल्या होड्यांना दिवे कोण करणार?"

"होड्यांना! एकीनं तरी घेतलाय का तुझा दिवा?"

हे मात्र वर्मी लागलं. कुणीच घेतला नव्हता.

आमच्याकडे महिना चंद्रावर चालतो. अंधाऱ्या पंधरवड्यात होड्या दिवे घेऊन सरोवरात जातात, उजेडाला बोटभर लांबीची डगा मासळी जमते, तिच्यावर बेट जगतं. चांदणं पडलं की होड्या काठावर. काकानं सरोवरापलीकडच्या म्वांझा शहरात एका कचेरीत शब्द टाकून ठेवला होता. संगणकासमोर बसायचं, पंखा डोक्यावर. "या अंधाऱ्या पंधरवड्यात कुणी दिवे घेतले तर राहा. नाहीतर चंद्र दिसला की माझ्याबरोबर म्वांझाची बोट धरायची," त्यानं बजावलं.

न्यांगेटाचे दिवे बॅटरीवरचे. रॉकेलच्या बत्त्यांसारखा धूर नाही, हात भाजणं नाही, पाणी शिरणं नाही. ती पाठ सोडेना म्हणून म्हाताऱ्या मागेसानं, किनाऱ्यावरच्या सगळ्यात मोठ्या होडीमालकानं, एकदाचे ते नेले. सकाळी बाकीच्या होड्या भरून आल्या. त्याच्या होडीचा तळसुद्धा झाकला नव्हता.

"आज मक्याच्या उगालीबरोबर दिवाच तळून खा गं!" मासळी पसरणाऱ्या बायका खिदळल्या.

मागेसानं दिवे टपरीपुढं आपटले. "घे तुझी मढी."

"मढी?" न्यांगेटा उसळली. "अजून लख्ख पेटतायत, बघा की डोळे उघडून!"

"पेटतात गं! पण झोपत नाहीत. बटण दाबलं की खटकन मरतात."

"दिवा झोपतो म्हणजे काय?"

आजूबाजूचे नाखवे पोट धरून हसले. हसणारच. त्यांना हे मिसरूड फुटायच्या आधीपासून ठाऊक. पण बाई होडीत चढली की मासळी रुसते, असा आमच्या शहाण्यांचा कायदा! म्हणून ह्याच वाळूत वाढलेल्या पोरीच्या कानावर तो शब्द कधी पडलाच नव्हता. शाळेच्या पुस्तकात तर नव्हताच.

तिनं एक खोकं उलटं करून म्हाताऱ्यापुढं सरकवलं. "होडीत घेत नाही ना मला? मग तोंडानं सांगा. बसा, आजोबा. सगळं सांगितल्याशिवाय उठायचं नाही."

बढाई मारायला मागेसा कधी नाही म्हणाला नाही. बसला. उजेडाखाली मासळी जमते, पण ऐसपैस पसरून. खाली जाळं लागलं की बत्तीतली हवा हळूहळू सोडायची. उजेड आटतो, तसतशी मासळी त्याला बिलगत जाते, एका गोळ्यात येते. मग उचलायचं. "दिवा एकदम मेला की पांगते सगळी, मास्तर दिसल्यावर पोरं पांगतात तशी."

"एवढंच?"

"एवढंच म्हणते! जन्म गेला माझा त्यात."

"तुमचा गेला. माझा नाही जायचा."

मेलेल्या रेडिओचं आवाज कमीजास्त करायचं बटण तिनं काढलं आणि दिव्याच्या जोडणीत बसवलं. दिवा मंद झाला, पण लुकलुकायला लागला. पुन्हा उघडला. असा मंद केलेला दिवा एकसारखा पेटत-विझत असतो; वेग पुरेसा असला तर आपल्याला ते दिसत नाही. त्या उघडझापीचा वेग तिनं इतका वाढवला की मंद उजेडातही डोळ्याला कळू नये. मग दिवा टपरीतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवून म्हाताऱ्याला बोलावलं. त्यानं बटण फिरवलं. हळूहळू. परत फिरवलं.

"झोपतो की गं," तो पुटपुटला, आणि न विचारता दिवे उचलून चालता झाला.

दुसऱ्या सकाळी त्याची होडी आली ती मासळीच्या ओझ्यानं कडेपर्यंत बुडालेली. वल्हेकरी गात होते. काकाही किनाऱ्यावरच होता, म्वांझाच्या बोटीची वेळ विचारायला आलेला.

"मफुरू," मागेसा पाण्यातूनच ओरडला, "पोरीला नेलंस तर माझ्या बाकीच्या होड्यांचे दिवे कोण करणार? तू?"

काकानं घसा खाकरला. बायकांकडं वळून म्हणाला, "माझी पुतणी आहे ती. मीच शिकवलंय तिला."

"हो, काल नव्हती ती तुझी!" एक बाई फिस्कारली.

न्यांगेटा हसली नाही. "दिवे करीन, आजोबा. पण ते पाण्यावर लावून बघायला मी होडीत येणार."

मागेसानं वल्हं आडवं धरलं. "दिवसा ये."

"दिवसा रुसत नाही वाटतं मासळी?"

आता मात्र सगळा किनारा हसला, आणि म्हातारा वल्हं काढून बाजूला सरला. मासळीच्या ढिगात पाय रोवून न्यांगेटा होडीत चढली.

तुमच्याही गावात अशी एखादी पोरगी टपरी टाकून बसली असेल. तुमचं काम कसं चालतं, कुठं अडतं, हे तिला शाळेत कुणी सांगितलेलं नसतं. तेव्हा आज तिच्याकडं जा, समोर बसा आणि सगळं सांगा.