सांघिक भावना : दहापैकी दोन

नौपाड्यात एका दवाखान्याच्या वर, पहिल्या मजल्यावर आमचा कॉम्प्युटर क्लास होता, मी तिथे शिकवायचे. नाखवाकाका तिथे पहिल्यांदा आले ते नाव घालायला नाही, मोजायला. दाराशी चपला काढल्या, कुणाशी एक शब्द न बोलता खोलीभर फिरले आणि प्रत्येक मॉनिटरच्या पाठीवर तळहात ठेवून पाहिला. मग माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "बाय, खाली पाटीवर बारा कॉम्प्युटर लिवलेत. मी अकरा मोजले. त्यातले दोन थंड हायेत."

बारावा क्लास चालवणाऱ्या सरांच्या केबिनमध्ये होता. मी दार उघडून दाखवला. काकांनी त्याच्याही पाठीला हात लावला, मान हलवली आणि माहितीपत्रक मागून घेतलं. तीन दिवसांनी ते परत आले. पत्रकात दोन ठिकाणी पेन्सिलीने खुणा होत्या. त्या दोन शंकांची उत्तरं मिळाल्यावरच त्यांनी फॉर्म भरला.

चेंदणी कोळीवाड्यातला हा माणूस. घरचे सगळे खाडीवर आणि मासळी बाजारात, हा एकटा कारखान्यात गेला. वागळे इस्टेटमधल्या एका पंपांच्या कंपनीत अठ्ठावीस वर्षं तपासनीस होता. तयार झालेला प्रत्येक भाग मापून बघायचा, बरोबर असेल तर हिरवा ठिपका, चूक असेल तर लाल. नव्वदनंतर कंपनीने माणसं कमी केली तेव्हा काका स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी बसले, पण तपासणी काही सुटली नाही. रिक्षात बसण्याआधी सीट हलवून बघत. मी दिलेला चहा आधी हुंगत. "माझा तुझ्यावर इश्वास हाय, बाय," म्हणत, "पण चहावर नाय." माझं वय तेव्हा बावीस. वर्तकनगरहून रोज बसने यायचे. सुरुवातीला मला त्यांचा राग यायचा. नंतर नंतर मीही निघताना कुलूप दोनदा ओढून बघायला लागले.

आमच्याकडे शिरीष नावाचा दुसरा शिक्षक होता. जेवणाच्या सुट्टीत तो केबिनमधल्या कॉम्प्युटरवर फुटबॉलचा एक खेळ खेळायचा. त्यात चेंडूला आपण लाथ मारायची नसते. आपण संघाचे मॅनेजर. अकरा जण निवडायचे, मग सामना कॉम्प्युटरच खेळतो आणि काय घडलं ते एकेका ओळीत पडद्यावर येतं. प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे त्याचे गुण आकड्यांत लिहिलेले असतात, वीसपैकी. वेग इतका, ताकद इतकी. सामना संपला की त्या दिवशीच्या खेळाचे गुण वेगळे, दहापैकी.

काका एके दिवशी शिरीषच्या मागे येऊन उभे राहिले. ते कंपनीच्या संघात दहा वर्षं गोलकीपर होते, हे आम्हाला तेव्हा कळलं. पडद्यावर एका गोलकीपरचं पान उघडं होतं. काकांनी एका ओळीवर बोट ठेवलं.

"यो काय शब्द?"

"टीमवर्क," शिरीष म्हणाला. "म्हणजे संघासाठी किती खेळतो ते. याचं चार आहे, कमी आहे."

"कोन बोलतो कमी हाय?"

"गेम बनवणारे."

"त्यांनी याला बघितलाय?"

"बघितलाच असेल ना कुणीतरी."

"कुणीतरी म्हंजे कोन?"

शिरीष हसला. काका हसले नाहीत. खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसले. माझा डबा उघडा होता, तो तसाच राहिला, कारण त्यानंतर त्यांनी जे सांगितलं ते त्याआधी कुणाला सांगितलं असेल असं मला वाटत नाही.

ऐंशीच्या दशकाच्या मधली गोष्ट. दिवाळीच्या तोंडावर पंपांचा एक मोठा लॉट पाठवायचा होता. काकांनी तो अडवला. भोकं केसभर मोठी पडली होती. सगळ्या खात्याने विनवण्या केल्या, साहेबांनी आवाज चढवला, पण काकांनी हिरवा ठिपका दिला नाही. खात्याची सुट्टी रद्द झाली आणि माणसं ऐन दिवाळीत भाग पुन्हा कापत बसली. मार्चमध्ये प्रत्येकाचं वर्षाचं गुणपत्रक भरलं गेलं. टायपिस्टच्या टेबलावर काकांनी स्वतःचं पाहिलं. कामाची अचूकता, नऊ. हजेरी, दहा. सांघिक भावना, दोन. मुख्य तपासनिसाची जागा त्या वर्षी दुसऱ्याला मिळाली, पुन्हा कधी त्यांना विचारलंही नाही.

"दोन कुनी दिले, ता लिवलेला नव्हता," काका म्हणाले. "सगळा टाईप केलेला. पन मना ठाव हाय. सावंतानं."

सावंत म्हणजे खात्याचा चार्जहँड, कामगारांवरचा मुकादम, फुटबॉल संघाचा कप्तान आणि काकांचा जिवाभावाचा मित्र. पत्रक आधी त्याच्याकडून भरून साहेबांकडे जायचं. काकांनी त्याला काही विचारलं नाही. फक्त बोलणं बंद केलं आणि संघाने दिलेले गोलकीपरचे हातमोजे त्याच्या टेबलावर नेऊन ठेवले. त्याला बारा वर्षं झाली होती.

शिरीषला काय वाटलं कोण जाणे. त्याने सांगितलं की या आकड्यांत फेरफार करायचा एक वेगळा प्रोग्रॅम त्याच्याकडे फ्लॉपीवर आहे. काका ताठ बसले. "मग तपासता येल," म्हणाले.

पुढचा महिनाभर जेवणाची सुट्टी तपासणीची झाली. इंग्लंडमधल्या कुठल्याशा छोट्या गावाचा संघ घेतला. आधी गोलकीपरचं टीमवर्क दोन करून दहा सामने, मग अठरा करून तेच दहा सामने. काका वहीत रेघा ओढून लिहीत. फरक काहीच पडला नाही. तेवढेच गोल झाले, म्हणजे दोनवाल्या गोलकीपरनेही संघाचं काही बिघडत नव्हतं. काकांना आनंद व्हायला हवा होता, पण त्यांना शिरीषचा संशय आला. आपल्याला खूश करायला हा मागून आकडे बदलतो, असं त्यांनी ठरवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी फ्लॉपीच्या खाचेवर कागदाची पट्टी चिकटवली आणि तिच्यावर सही केली.

"काका, मला दुसरी कामं नाहीत का?" शिरीष चिडला.

"असतील. पन तू ती कधी करतंस ता मी बघितलेला नाय."

पट्टी लावूनही निकाल तोच आला. मग त्यांनी मधल्या फळीतला एक चांगला खेळाडू घेतला. टीमवर्क दोन असताना तो दिसेल तिथून गोलवर चेंडू मारायचा. अठरा केल्यावर तो चेंडू दुसऱ्याला द्यायला लागला, आणि संघ आधीपेक्षा जास्त सामने जिंकला. काका समाधानाने वही मिटणार, तेवढ्यात त्यांची नजर शेवटच्या रकान्यावर गेली. सामन्यानंतरचे गुण. दोनचा खेळाडू आठ गुण घेत होता. अठराचा झाल्यावर त्याच माणसाला सहा मिळत होते. गोल करणारा दुसराच कुणी, आणि मार्क त्याला.

"संघ जिंकतो, आनि ज्यानं पास दिला त्याचे मार्क कमी," काका म्हणाले.

"तसंच असतं," शिरीष म्हणाला. "मार्क आकड्यांवर देतात ना. गोल किती केले, ते."

काका त्या दिवशी लवकर उठले. दुसऱ्या दिवशी आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते थेट माझ्याकडे. "बाय, सावंत कंपनीत काय झाला ठाव हाय? चार्जहँड होता, चार्जहँडच ऱ्हायला. मना विकून त्याला काय मिळाला? बारा वरसं मी चोर धरून बसलो, पन माल काय सापडत नाय."

मी विचारलं, सावंत कुठे राहतात. "वर्तकनगरला," ते म्हणाले, आणि इमारतीचा नंबर सांगितला. आमच्या घरापासून दोन इमारती सोडून. सावंतकाकांना मी लहानपणापासून ओळखत होते. पाठीला पोक आलेले, कमी बोलणारे, मालवणकडचे गृहस्थ. ते फुटबॉल खेळले असतील असं कधी मनातही आलं नव्हतं.

रविवारी सकाळी मी नाखवाकाकांना तिथे घेऊन गेले. सावंतकाकांनी दार उघडलं, काकांकडे पाहिलं आणि बाजूला झाले. बारा वर्षांनी भेटलेली माणसं काहीतरी बोलतील असं मला वाटलं होतं. दोघं बसले. सावंतकाकूंनी ट्रेमधून चहा आणला. नाखवाकाकांनी तो न हुंगता प्यायला.

"सावंत," मग ते म्हणाले, "त्या वरसाचे मार्क. माझे. तू दिलंस?"

"मीच दिले."

"किती?"

सावंतकाका ट्रेकडे बघत होते. "सहा," ते म्हणाले. "मी सहा लिहिले होते, दत्ताराम. पुढे कुणी काय केलं, मला माहीत नाही."

नाखवाकाकांनी कप ट्रेमध्ये ठेवला. "सहाच?" त्यांनी विचारलं.

"तू बॉल पकडलास की कुणाला द्यायचास? लांब लाथ मारायचास."

काकू आधी हसल्या. मग हे दोघेही हसले. मी हसले नाही, कारण मी त्या ट्रेकडे बघणाऱ्या डोळ्यांकडे पाहत होते. उतरताना जिन्यात मी म्हटलं, "काका, तुम्हाला हे खरं वाटतं?"

"मापायला काय हाय माझ्याकडं?" ते म्हणाले. "पत्रक तर कंपनीनं कवाच रद्दीत घातला असंल."

त्यानंतर दर गुरुवारी नाखवाकाका वर्तकनगरला यायचे. आमच्या गॅलरीतून मला ते दिसायचे. छत्री हातात, कधी फडक्यात बांधलेली सुकी मासळी. संध्याकाळी दोघे मैदानाच्या कडेला उभे राहून पोरांचा खेळ बघायचे. क्लासमधला अभ्यास काकांनी अर्ध्यावर सोडला. मी विचारलं तर म्हणाले, "मना जा तपासायचा होता ता झाला." मला ते पटलं नाही. सावंतकाकांबद्दलही माझं मन साफ होत नव्हतं. वाटेत दिसले की मी नमस्कार करायचे, पण थांबायचे नाही.

असं दीड वर्ष चाललं. मग एका पहाटे चेंदणीहून फोन आला. नाखवाकाका झोपेतच गेले होते. सावंतकाका आणि मी एकाच रिक्षातून गेलो. कोळीवाड्यातली सगळी गल्ली भरली होती. सावंतकाकांनी खांदा दिला, त्या पोक आलेल्या पाठीने. परत येताना तलावपाळीजवळ त्यांनी रिक्षा थांबवायला सांगितली. आम्ही कठड्यापाशी बसलो.

"मीनल," ते म्हणाले, "सहा नव्हते. दोनच लिहिले होते मी."

मी त्यांच्याकडे वळले.

"त्या दिवाळीत माझी रजा मंजूर झालेली. वडील गावाला आजारी होते. दत्तारामनं लॉट अडवला आणि सगळ्यांच्या रजा गेल्या. मी पोचलो तेव्हा दहावा होता. लॉट खराब होता गं, त्याचं बरोबरच होतं. मला माहीत होतं त्याचं बरोबर आहे. तरी मार्चमध्ये कागद समोर आला तेव्हा हातानं दोन लिहिले."

"मग त्या रविवारी का नाही सांगितलं?"

"तो माझ्या घरात येऊन बसलेला. बारा वर्षांनी. मला वाटलं, दोन म्हटलं तर उठून जाईल."

समोर पाण्यात कुणीतरी बोट वळवत होतं. मी विचारलं, "त्यांना कळलं असेल का?"

"ते मला नाही सांगता येणार," सावंतकाका म्हणाले. "पण दर गुरुवारी निघताना दारात थांबायचा. विचारायचा, 'सावंत, काय सांगायचा ऱ्हायलाय काय?' मी म्हणायचो, नाही रे. मग थोडा वेळ उभा राहायचा आणि म्हणायचा, 'बरा. येतंय गुरुवारी.'"